तिघांपैकी कुणीच नाही

१

मापाडी सापडला तो त्याच्याच विहिरीत, खोरं हातात घट्ट धरलेला. विहीर म्हणायची आमची सवय. खरं म्हणजे धरणाच्या दाराखाली, कालव्याच्या काठाला बांधलेला तो एक अरुंद, खोल हौद आहे. आत उतरायला लोखंडी शिडी, भिंतीवर मापाड्यानं रोज पाणी मोजायची पट्टी आणि तळाला कालव्याशी जोडलेला पाइप. दार बंद असलं की हौदात घोट्याएवढं पाणी आणि गाळ. दार उघडलं की पाइपातून पाणी असं उसळतं की शिडी हाताला लागायच्या आत माणूस बुडतो. मापाडी गाळ काढायला उतरला होता, आणि दुपारी बाराला दार उघडलं.

उघडलं कुणी हे विचारायची गरज नव्हती. केबिनमध्ये गेटवाला होता, त्यानं दांडा ओढला, दार वर गेलं. तो स्वतःच तसं सांगत होता. पंचाईत वेगळीच होती. हा गेटवाला मापाड्याच्या बायकोचा सख्खा धाकटा भाऊ, आणि दोघा मेहुण्यांत कित्येक महिने बोलणं बंद होतं. म्हातारी आई लेकीकडे राहणार की लेकाकडे, यावरून भांडण जुंपलं होतं आणि ते साऱ्या वसाहतीला तोंडपाठ होतं.

"दिवा हिरवा झाला म्हणून मी दार उचललं," एवढंच तो पुन्हा पुन्हा म्हणत होता.

आणि दिवा हिरवा होणं शक्यच नव्हतं, असं तीन देश शपथेवर सांगत होते.

मी मंडळाचा वकील. आमची रीत मला ठाऊक आहे, म्हणून आधी तीच सांगतो. नाहीतर पुढचं सगळं डोक्यावरून जाईल. सरोवराच्या काठी तीन देश आहेत. कचेरीत त्यांना नावानं कुणी ओळखत नाही. वरचा देश, खालचा देश आणि पलीकडचा देश. एके काळी पाण्यावरून त्यांच्यात खूनखराबा झाला. मग दमून भागून तिघांनी करार केला आणि सरोवराचं दार सांभाळायला मंडळ काढलं. पण 'दार उघडा' असं उघडपणे म्हणायची एकाचीही छाती नव्हती, कारण प्रत्येकाला घरी जाऊन तोंड दाखवायचं होतं. म्हणून त्यांनी युक्ती केली. पाणी खुणेच्या वर गेलं की नियमानंच फलकावर ठराव लागतो: आज बाराला दार उघडावं. तिन्ही प्रतिनिधींच्या टेबलाखाली एकेक तांबडी कळ आहे. बाराच्या आत एकानंही ती दाबली तर ठराव पडला. कुणीच दाबली नाही तर केबिनमधला दिवा आपोआप हिरवा होतो. म्हणजे हो कुणीच म्हणायचं नाही, फक्त नाही म्हणायचं नाही. कळ कुणी दाबली याची नोंदही कुठे राहत नाही. ते तर मुद्दाम.

गेटवाल्यावरही कुणाचा भरवसा नव्हता. म्हणून त्याच्या केबिनला कालव्याच्या बाजूनं खिडकीच ठेवली नाही. कुणाच्या शेतात पाणी जातंय ते त्याला दिसायला नको. हिरवा दिवा लागल्यावर हात आखडता घेतला तर नोकरी गेली, आणि दिवा नसताना दांडा ओढला तर तुरुंग. आता तिन्ही प्रतिनिधी शपथेवर म्हणत होते की आपण कळ दाबली होती. म्हणजे गेटवाल्याचा तुरुंग ठरल्यात जमा होता, आणि वसाहतीत लोक तुरुंगाच्याही पुढचं बोलू लागले होते.

२

चौकशीला माणूस नेमायची वेळ आली तेव्हा तिघांचं एकमत व्हायला बराच काळ गेला. शेवटी दूरच्या एका देशातल्या निवृत्त न्यायाधीशबाई ठरल्या. त्या तिघांनाही सारख्याच नावडत्या होत्या, हीच त्यांची लायकी. आम्ही त्यांना जजबाई म्हणू लागलो. ठेंगणी बाई, बोलणं हळू, टेबलाशी बसल्या की पहिल्यांदा बूट काढून ठेवणार. प्रश्न विचारायच्या थोडे. उत्तर मिळालं की गप्प बसून राहायच्या, इतका वेळ की समोरचा कासावीस होऊन आणखी काहीतरी बोलून जायचा.

पहिल्यांदा त्यांनी मला गाडीत घालून मापाड्याच्या घरी नेलं. मापाड्याच्या बायकोला मी वहिनीच म्हणत आलोय. वहिनींनी आम्हाला बसायला सांगितलं नाही. त्या उभ्या, म्हणून आम्ही उभे. आतल्या खोलीतून त्यांच्या आईच्या खोकल्याचा आवाज येत होता.

वहिनींनी सगळी दारं ठोठावून झाली होती. नवरा वरच्या देशाचा नागरिक, म्हणून तिथल्या कोर्टात गेल्या. कोर्ट म्हणालं, आपल्या देशानं तर कळ दाबली होती, आपला दोष नाही. खालच्या आणि पलीकडच्या देशाचं म्हणणं पडलं की मेलेला माणूस आमचा नाही, आणि कळ आम्हीही दाबली होती. मग मंडळाला कोर्टात बोलवा म्हणाल्या. त्यावर उत्तर आलं की मंडळ नावाचं कुणी नसतंच. ती फक्त तिघांनी एकत्र बसायची जागा आहे.

"मला कुणाकडून काही नकोय," त्या जजबाईंना म्हणाल्या. "फक्त कुणी केलं ते सांगा. माझ्या भावानं केलं असेल तर तसं सांगा. मला आज सकाळी आईला भरवताना कळेना की मी हिच्या लेकाचा तिरस्कार करू की नको."

जजबाईंनी एकच विचारलं: ठराव लागलेला असताना मापाडी खाली उतरला कसा? तो तर रोज पाणी मोजणारा माणूस. फलकावर ठराव लागला तोही त्याच्याच सकाळच्या मोजणीवरून.

वहिनी म्हणाल्या, ते नेहमी ठरावाच्या पहिल्याच दिवशी उतरायचे. पहिल्या दिवशी दार कधीच उघडत नाही. कुणीतरी नाही म्हणतंच. पहिल्याच दिवशी गप्प बसलं तर घरी नाक कापलं जातं. मग दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी घासाघीस होऊन दार उघडतं, आणि त्याआधी गाळ निघालेला बरा. वसाहतीतलं शेंबडं पोरही हे सांगेल.

परतताना मी जजबाईंसमोर माझंच रडगाणं गायलं. मंडळ म्हणजे कोण, हे करारात एका ओळीनंही लिहिलेलं नाही. माझी सारी उमेद हे पटवण्यात गेली की तिघं मिळून जे जन्माला घातलं ते आता तिघांहून वेगळं आहे, कायद्याच्या नजरेला ती एक स्वतंत्र व्यक्ती आहे, तिला हक्क आहेत आणि बोलायला तोंड आहे. कायद्याचे पंडित हसून एकच विचारायचे, की तिला स्वतःची इच्छा आहे का? तिघांपैकी कुणाचीच नाही, फक्त तिची, अशी एक तरी दाखवा. मला दाखवता येत नसे. माझी बायको तर म्हणायची, एकदा घरी जेवायला बोलाव तुझ्या मंडळाला, बघू तरी दिसतं कसं.

जजबाई हसल्या नाहीत. "तुम्हाला दिसलं तर काय कराल?" एवढं त्यांनी विचारलं.

३

दुसऱ्या दिवशी वीजतंत्र्याला घेऊन जजबाईंनी तिन्ही कळा स्वतः दाबून पाहिल्या. वरच्यांची दाबली, दिवा विझलेला. खालच्यांची, तेच. पलीकडची, तेच. एकही दाबली नाही तेव्हाच दिवा हिरवा. तारांवरची शिशाची सीलं जुनी, धुळीनं माखलेली, कुणी हात न लावलेली. यंत्र बिनचूक होतं. याचा अर्थ एकतर गेटवाला खोटं बोलत होता, नाहीतर तीन देश.

मग मुलाखती झाल्या. प्रत्येकाच्या खोलीत जाऊन, त्यांच्याच पाहुण्यांच्या खुर्चीत बसून.

आणखी एक रीत इथे सांगायला हवी. कळ दाबली की दाबणाऱ्यानं लगेच सभाखोलीत जाऊन बसायचं, बाकीच्यांनी तिथे येऊन त्याची समजूत काढायची. नाही म्हणण्यातली सगळी गोडी त्या समजूत काढून घेण्यातच असते. कळ दाबून आपल्या खोलीत बसून राहणारा प्रतिनिधी मी आजवर पाहिलेला नाही. तसं करणं म्हणजे रुसायचं आणि कुणाला कळू द्यायचं नाही.

वरचे प्रतिनिधी गृहस्थ अंगानं आडवे आणि बोलायला मोकळे. त्यांनी सांगितलं की आपण कळ दाबली आणि सभाखोलीत जाऊन एकटेच बसलो. जजबाई गप्प राहिल्या. वरच्यांनी पेन उघडलं, बंद केलं. मग म्हणाले, भयंकरच झालं हो, पाणी आधी मातकट आलं, गाळासकट, मग हळूहळू पांढरं झालं.

खालचे प्रतिनिधी काटकुळे, अतिशय सभ्य. बोलताना त्यांचा हात सारखा फोनकडे जाई आणि मागे येई. त्यांनीही कळ दाबली होती आणि तेही सभाखोलीत एकटे बसले होते. पुन्हा तीच शांतता. शेवटी ते म्हणाले की भोंगा ऐकला आणि आपण तसेच खुर्चीतून उठून धावलो. दार हलायला लागलं की भोंगा वाजतो, तो आख्ख्या वसाहतीला ऐकू जातो.

पलीकडच्या प्रतिनिधी तरुण, कडक शिस्तीच्या बाई. त्यांच्या टेबलावर धुळीचा कण सापडला नसता. त्यांनी तर जजबाईंच्या शांततेला शांततेनं उत्तर दिलं आणि मला वाटलं आता ही दोघींची जुगलबंदी दुपारपर्यंत चालणार. पण अखेर त्यांनीही तोंड उघडलं. सभाखोलीत एकट्याच बसून आपण घड्याळाकडे बघत होतो, म्हणाल्या, आणि काटा बाराजवळ आला तेव्हा मनात म्हटलं, चला, आज टळलं.

बाहेर जिन्यात येऊन जजबाईंनी बूट पुन्हा पायात घातले. मी म्हटलं, तिघांचं म्हणणं तंतोतंत जुळतंय, गेटवाल्याचं कठीण आहे.

"जुळतंय खरं," त्या म्हणाल्या. "तिघंही एकाच वेळी एकाच खोलीत, आणि तिघंही एकटे. तुमची सभाखोली बघायला हवी. फार मोठी असणार."

४

सभाखोली मोठी नाही. इमारतीच्या पोटात आहे, भोवती दुसऱ्या खोल्या. ज्यांनी करार केला त्यांनी ती मन लावून बांधून घेतली होती. दुहेरी जाड दारं, भिंतींना आतून लोकरीच्या जाड नमद्याचं अस्तर, वर उंचावर सरोवराच्या बाजूला दोन झरोके. मध्ये गोल टेबल आणि भोवती तीन खुर्च्या. मी तिथे शेकडो बैठका काढल्या असतील, पण त्या दिवशी जजबाईंनी ती माझ्याकडून नव्यानं बघून घेतली.

त्यांनी सगळ्यांना तिथे बोलावलं. तीन प्रतिनिधी आपापल्या खुर्चीत. आमचे सरचिटणीस भिंतीशी उभे; मंडळाचा कारभार पाहणारे हे वयस्कर गृहस्थ, आवाज कधी चढवणार नाहीत. गेटवाला दाराजवळ, मान खाली. मी त्याच्या शेजारी. दारं लावून घेतली. जजबाईंनी बूट काढले आणि काहीच बोलेनात.

बराच वेळ गेला. वरच्यांनी खाकरून विचारलं, कशाची वाट बघतोय आपण?

जजबाईंनी मला दारं उघडायची खूण केली. मी ती ढकलली आणि भोंग्याचा आवाज अंगावर आला. मी दचकलो, गेटवाल्यानं तर कान दाबून धरले. त्यांनी वीजतंत्र्याला सांगून ठेवलं होतं. आम्ही आत बसलो तेव्हापासून तो वाजत होता. मी दारं लावली. पुन्हा तीच चिडीचूप शांतता, भोंगा जणू कुणी पुसून टाकला.

"इथे बसून भोंगा ऐकू येत नाही," जजबाई खालच्या प्रतिनिधींकडे बघत म्हणाल्या. मग वरच्यांकडे वळल्या. या झरोक्यांतून सरोवर दिसतं, आकाश दिसतं. कालवा मागच्या अंगाला आहे. मातकट पाणी पांढरं होताना दिसेल ते फक्त तुमच्या स्वतःच्या खिडकीतून. पलीकडच्या बाईंनी नजर वर नेली, भिंतीवरून फिरवली आणि त्यांचं त्यांनाच कळलं. सभाखोलीत घड्याळ नाही, कधीच नव्हतं. घाई झालेल्या माणसाचं समेटात लक्ष लागत नाही, असं करार करणाऱ्यांचं मत होतं.

म्हणजे तिघांपैकी कुणीही त्या दुपारी इथे नव्हतं. मला वाटलं, आता एखादा तरी उसळून म्हणेल की खोलीत नसेन, पण कळ दाबली होती. जजबाईंनी तेवढीही फट ठेवली नाही.

त्या म्हणाल्या, "तिघांनी एकमेकांची शपथपत्रं वाचली आहेत. तुमच्यातला एक जरी खरोखर कळ दाबून इथे येऊन बसला असता, तर त्याला ठाऊक असतं की बाकीचे दोघं खोटं बोलतायत, कारण खोली रिकामी होती. तो गप्प बसला नसता. त्याच्या देशानं तर आकाशपाताळ एक केलं असतं. पण कुणीच कुणाला खोटं पाडलं नाही. प्रत्येकाला वाटलं, दुसऱ्या दोघांनी कळ दाबली असणार, आपलीच तेवढी राहिली."

गेटवाल्यानं पहिल्यांदा मान वर केली.

५

आधी बोलले ते खालचे. त्या सकाळी त्यांच्या लेकीच्या पोटात दुखायला लागल्याचा फोन आला होता. ते फोन कानाला लावून खोलीत येरझाऱ्या घालत राहिले. बारा वाजायच्या सुमारास बाळाचं रडणं ऐकू आलं, ते आजोबा झाले आणि कळीचं भानच राहिलं नाही. वरचे दाबतीलच, असं मनात कुठेतरी होतं. पलीकडच्या बाई म्हणाल्या की पहिल्या दिवसाचं ते खोटंखोटं नाही त्यांना नेहमीच नाटकी वाटायचं. या वेळी आपण त्यात नसायचं, असं त्यांनी ठरवलं होतं. बाकी दोघं आहेतच नाटक करायला. वरच्यांना तर दार उघडायलाच हवं होतं, त्यांच्याकडची शेतं पाण्याखाली चालली होती. पण तसं उघड दिसायला नको म्हणून दरवेळी कळ दाबायची, असा त्यांना घरून हुकूम होता. यंदा त्यांनी विचार केला की खालचे दाबणारच आहेत, आपण कशाला.

"आम्हाला कुणालाच त्या दिवशी दार उघडायला नको होतं," बाई म्हणाल्या. वरच्यांनी त्यांच्याकडे पाहिलं, तशी त्यांनी दुरुस्ती केली. "म्हणजे, उघडेल असं कुणालाच वाटत नव्हतं."

जजबाईंनी मान हलवली. मग त्यांनी एकेकाला विचारलं, दार उघडायचा निर्णय तुमच्या देशाचा होता का? वरचे नाही म्हणाले. खालचे नाही म्हणाले. बाई नाही म्हणाल्या. आणि मला जाणवलं की या खोलीत इतक्या दिवसांत पहिल्यांदाच तिघंही खरं बोलत होते. ठराव कुणी मांडला? कुणीच नाही, पाणी वर गेलं आणि तो नियमानं लागला. हो कुणी म्हटलं? कुणीच नाही. तरीही निर्णय झाला होता. पुरेपूर कायदेशीर, ज्यापुढे गेटवाल्याला हात मागे घेता येत नव्हता असा निर्णय. कित्येक टनांचं लोखंडी दार त्यानं वर उचललं होतं आणि एक माणूस मारला होता.

मी त्या गोल टेबलाकडे बघत होतो. तिथे तीन माणसं बसली होती, आणि मला शपथेवर वाटत होतं की तिथे आणखी कुणीतरी आहे. त्याला चेहरा नव्हता, आवाज नव्हता. तिघांच्या गप्प बसण्यातून ते उभं राहिलं होतं आणि आता ऐकत होतं. मी जन्मभर कागदावर ज्याचं वर्णन केलं, ज्याच्यासाठी पंडितांशी भांडलो, ते असं समोर येईल हे माझ्या ध्यानीमनी नव्हतं. मला भीती वाटली, आणि लाज वाटते सांगायला, पण आनंदही झाला. देवळात पाऊल टाकावं तशी माझी मान खाली झुकली.

"वकीलसाहेब," जजबाई म्हणाल्या, "तिघांपैकी कुणाचीच नाही अशी इच्छा तुम्हाला हवी होती ना? ही घ्या. दार यांनी उघडलं नाही. या मुलानंही नाही, तो नुसता हात होता. दार मंडळानं उघडलं."

गेटवाला भिंतीला टेकून खाली बसला. त्याला उठवायला मी वाकलो तर तो हलक्या आवाजात विचारत होता, हे ताईला कोण सांगणार?

६

सोपी वाटही होती आणि ती लगेच सुचवली गेली. तिन्ही देशांनी मिळून एक पत्रक काढायचं: दुर्दैवी अपघात, कुणाचाही दोष नाही. मंडळ म्हणजे नुसती बसायची जागा असं एकदा म्हटलं की मग जागेला कोण जाब विचारणार? वरच्यांनी मसुदाही सांगायला सुरुवात केली.

सरचिटणीसांनी मला बाजूला घेऊन विचारलं की मंडळ ही व्यक्ती आहे असं आपण म्हणायचं ठरवलं, तर कायद्यानं काय काय गळ्यात येईल? मी सांगितलं. व्यक्ती म्हटलं की तिला दावा लावता येतो, करार करता येतो, तीन देशांसमोर ताठ उभं राहता येतं. आणि व्यक्ती म्हटलं की तिचे अपराधही तिचेच. ते दुसऱ्या कुणावर ढकलता येत नाहीत. यातलं अर्धं घेऊन अर्धं टाकता येणार नाही.

"म्हणजे आपलं मंडळ माणसांत आलं, ते आरोपी म्हणून," ते म्हणाले.

मी हो म्हटलं. मी ज्या दिवसाची वाट पाहिली तो दिवस मला असा नको होता, हेही सांगितलं. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि फलकाकडे गेले. ठराव मांडायचा अधिकार त्यांना होता, आजवर त्यांनी तो कधी वापरला नव्हता. त्यांनी स्वतःच्या हातानं लिहिलं: मापाडी मंडळाच्या हातून मेला. मंडळ हे कबूल करतं आणि माफी मागतं. उद्या बारापर्यंत.

दुसऱ्या दिवशी मी सरचिटणीसांच्या खोलीत बसलो होतो, मध्येच उठून जिन्यातून एक फेरी मारून येत होतो. त्यांच्याही टेबलावर एक दिवा आहे, दार सोडून बाकीच्या ठरावांचा, तो एरवी कुणी बघत नाही. तिन्ही प्रतिनिधी आपापल्या खोल्यांत होते, दारं सताड उघडी. खालच्यांना घरून फोनवर फोन येत होते, ते नुसते वाजू देत होते. वरचे हात टेबलावर ठेवून बसले होते, दोन्ही, सगळ्यांना दिसतील असे. पलीकडच्या बाई खिडकीपाशी उभ्या होत्या, कळीपासून शक्य तितक्या लांब. घरी काय ऐकून घ्यावं लागेल ते तिघांनाही ठाऊक होतं. यावेळचं गप्प बसणं फार जड होतं. मी ते जिन्यातून चालतानाही ऐकू शकत होतो. बारा वाजले आणि दिवा हिरवा झाला.

सरचिटणीसांनी कोट चढवला. गेटवाल्याला आणि मला बरोबर घेतलं.

वहिनींनी दार उघडलं. गेटवाला फाटकाशीच थांबला. वहिनींनी त्याच्याकडे पाहिलंही नाही. सरचिटणीसांना त्यांनी कधी जवळून पाहिलेलं नव्हतं, म्हणून विचारलं, आपण कोण, कुठल्या देशाकडून आलात?

"कुठल्याच नाही," ते म्हणाले. "मी मंडळ म्हणून आलोय. तुमचा नवरा आमच्या हातून गेला. तिघांपैकी कुणाच्या नाही, दुसऱ्या कुणाच्या नाही. आमच्या."

वहिनी बघत राहिल्या. मला वाटलं त्यांना कळलं नाही. इतके दिवस जे नाही म्हणून त्यांना सांगितलं होतं, ते आज कोट घालून दारात उभं होतं. मग त्यांचा चेहरा बदलला. त्या बोलायला लागल्या. एवढे दिवस कुणाला तरी सांगायचं म्हणून जे साठवलं होतं ते सगळं निघालं. पहाटे उठून आपल्याला जागं न करता जायची नवऱ्याची सवय, त्या सकाळी अर्धा राहिलेला चहा, कोर्टाच्या पायऱ्या, शिपायांचे टोमणे, सगळं. कडाकडा बोलल्या. सरचिटणीस मान खाली घालून, हात जोडून उभे होते. एकदाही म्हणाले नाहीत की पण, किंवा तरी, किंवा आमचा नाइलाज होता. तो वयस्कर माणूस ऐकत होता, आणि त्याच्यामागे दुसरं कुणीतरी ऐकत होतं. मला ते आता स्पष्ट जाणवत होतं आणि त्याची भीती उरली नव्हती.

वहिनी थांबल्या तेव्हा त्यांना धाप लागली होती. त्यांनी फाटकाकडे बोट केलं, पण तिकडे न बघता विचारलं, आणि याचं काय? दांडा यानंच ओढला ना?

"हात आमचा होता, वहिनी," सरचिटणीस म्हणाले. "भाऊ तुमचा आहे."

आतून म्हातारीनं कुणीतरी आलंय का म्हणून विचारलं. वहिनींनी पदरानं तोंड पुसलं आणि पायरी उतरून फाटकापर्यंत गेल्या.

"बाहेर काय उभा राहिलायस," त्या भावाला म्हणाल्या, "आत चल. आई विचारतेय तुला."